हातच्या काकणाला आरसा कशाला? 'छी', प्राण आणि मामांची बीपीची गोळी

इथे मी एरवी गॅस सेन्सरबद्दल लिहिते, कारण माझी पीएचडी त्यावरच चालू आहे. आज मात्र एका पुस्तिकेचं परीक्षण करणार आहे. सेन्सरचा विषय त्यातही येईलच, कारण दुसरं काही मला फारसं येत नाही.

दिवाळीनंतर हदगावला घरी गेले होते. मामा आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. सहा वर्षांपासून त्यांना बीपीची गोळी चालू आहे. त्यांच्याकडे चहाला गेले तेव्हा मामी हळूच म्हणाल्या, "गोळी सोडलीय त्यांनी. वीस दिवस झाले." गावात एक शिबिर झालं होतं. बाहेरून आलेल्या शिक्षकांनी त्यात थोडा प्राणायाम, थोडं ध्यान आणि थोडं 'चिनी प्राणशक्ती' असं मिश्रण शिकवलं. मामा रोज पहाटे ते करत होते आणि खरंच प्रसन्न दिसत होते.

घरातलं मशीन काढून बीपी मोजलं, तर 178/106. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजलं, तरी जवळपास तेवढंच.

मामा हसले. "मशीन काहीबी दाखवतंय. मला आतून कसं वाटायलंय ते मला कळतंय ना? हातच्या काकणाला आरसा कशाला, माय?"

त्या म्हणीला तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा सुचलेलं उत्तर.

पुस्तिका

शिबिरात एक पुस्तिका वाटली होती. सुरुवातीला चार पानांची माहिती आणि पुढे सगळे साधकांचे अनुभव. मी ती दोनदा वाचली, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. एकूण 27 अनुभव आहेत. हातांत मुंग्या आल्या, तळहातांच्या मध्ये चुंबकासारखं काहीतरी जाणवलं, कपाळात प्रकाश दिसला, पाठीच्या कण्यातून गरम लहर गेली, झोप लागायला लागली, गुडघा दुखायचा थांबला. तिसऱ्या अनुभवातल्या गृहस्थांनी लिहिलंय की आता गोळ्यांची गरज उरली नाही.

हे लोक खोटं बोलतायत असं मला वाटत नाही. भाषा साधी आहे, बढाई कमी आहे, काही अनुभव वाचताना तर डोळ्यांत पाणी येतं. माझी तक्रार पुस्तिकेच्या बांधणीबद्दल आहे.

पहिली गोष्ट, 27 पैकी 27 जणांना फायदा झालाय. शिबिराला गेला आणि काहीच झालं नाही असा एकही माणूस पुस्तिकेत नाही. म्हणजे असा माणूस नव्हता असं नाही, त्याला कुणी लिहायला सांगितलं नाही. प्रयोगशाळेत मी दहा सेन्सर बनवले आणि चाललेल्या दोघांचेच आलेख दाखवले, तर माझे गाइड मला दारात उभं करणार नाहीत.

दुसरी, माणूस अशा शिबिराला जातो कधी? दुखणं टोकाला गेल्यावर. टोकाला गेलेलं दुखणं बऱ्याचदा काहीही न करता थोडं खाली येतं. गुडघेदुखी, निद्रानाश, अॅसिडिटी यांचा स्वभावच चढ-उताराचा आहे. मग उतार आला की श्रेय शेवटी केलेल्या उपायाला मिळतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. शिक्षकांनी कुणालाही 'गोळी सोडा' असं सांगितलं नव्हतं, हे मी चौकशी करून पाहिलं. ते वाक्य फक्त तिसऱ्या अनुभवात आहे. अनुभव म्हटला की जबाबदारी कुणाचीच नसते. लिहिणारा म्हणणार, मी माझंच सांगितलं. छापणारा म्हणणार, ते त्यांचं मत. आणि वाचणारा गोळी सोडतो.

मुंग्या खऱ्याच आहेत

परीक्षण प्रामाणिक व्हावं म्हणून पुस्तिकेतला क्रम मी पाच दिवस पहाटे मामांबरोबर केला. आधी वेगाने खोल श्वास, मग मांडी घालून स्थिर बसणं, मग दोन्ही तळहात समोरासमोर धरून मधली 'छी' अनुभवणं. (इंग्रजी स्पेलिंगमुळे आपल्याकडे 'किगाँग' असं म्हणतात, पण चिनी उच्चार 'छीगोंग'च्या जवळचा आहे. 'छी' म्हणजे श्वास, वाफ, प्राण. 'गोंग' म्हणजे सरावाने कमावलेलं कौशल्य.)

तिसऱ्या दिवशी बोटांत मुंग्या आल्या, ओठांभोवतीही आल्या. तळहातांमध्ये फुगा धरल्यासारखं वाटलं. छान वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता सेन्सरकडे येते. अमोनिया ओळखण्यासाठी बनवलेला सेन्सर पुष्कळदा हवेतल्या ओलाव्यालाही प्रतिसाद देतो. काटा हलतो, आणि हलतो हे शंभर टक्के खरं असतं. पण तो अमोनियामुळे हलला की पावसाळ्यामुळे, हे नुसत्या काट्याकडे बघून कळत नाही. आमच्या क्षेत्रातले निम्मे वाद यावरच असतात. आपलं शरीरही असाच सेन्सर आहे. मुंग्या येणं म्हणजे काटा हलणं. तो कशामुळे हलला हा वेगळा प्रश्न.

मुंग्यांची किमान तीन साधी कारणं त्या तासाभरातच हजर होती. वेगाने खोल श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्त थोडं अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम घटतं आणि मज्जातंतू जरा जास्तच उतावीळ होतात. बोटांत आणि ओठांभोवती मुंग्या येतात त्या यामुळे. मेंदूतल्या रक्तवाहिन्याही आकसतात, म्हणून डोकं हलकं, तरंगल्यासारखं वाटतं. दुसरं कारण मांडी. तिच्यामुळे पायातल्या मज्जातंतूवर दाब येतो. तिसरं कारण म्हणजे नुसतं लक्ष देणं. हे आत्ता करून बघा. उजव्या तर्जनीच्या टोकावर अर्धा मिनिट लक्ष ठेवा, बाकी काही करू नका. टोकाला धडधड, ऊब, झिणझिण, काहीतरी जाणवेल. ते सिग्नल दिवसभर येतच असतात. मेंदू एरवी ते बाजूला टाकतो.

एक गैरसमजही इथेच काढून टाकते. पुस्तिकेत लिहिलंय की खोल श्वासाने रक्तात भरपूर ऑक्सिजन जातो. कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आहेत. बोटाला लावून बघा. निरोगी माणसाचा आकडा नुसता बसल्या बसल्या 95 च्या वर असतो. भरलेल्या घागरीत आणखी किती पाणी ओतणार?

एकच झिणझिण, तीन नकाशे

मला जास्त रस वाटला तो पुढच्या गोष्टीत. ताओ पंथाच्या अंतर्साधनेत नाभीखाली शक्तीचं केंद्र मानतात. तिथून ती कण्यातून वर डोक्यात जाते आणि शरीराच्या पुढच्या बाजूने खाली उतरते, म्हणजे वर्तुळ पूर्ण होतं. आपल्याकडे नाथपंथातून आलेली वाट वेगळी आहे. ज्ञानेश्वरीचं पारायण केलेल्यांना सहावा अध्याय आठवत असेल. कुंडलिनी जागी होते तेव्हा शरीरात काय काय घडतं, याचं इतकं बारीक वर्णन मराठीत दुसरीकडे क्वचितच असेल. तिथे प्रवास वर, मस्तकाकडे आहे. आणि इगतपुरीला 1976 पासून ज्या पद्धतीने विपश्यना शिकवली जाते, तिच्यात साधक डोक्यापासून पायापर्यंत आणि पुन्हा वर असं लक्ष फिरवत जातो. गोएंका गुरुजींची शिकवण अशी की संवेदना सुखद असो की दुःखद, तिला चिकटू नका, ती बदलणारी आहे.

तिन्हीकडच्या साधकांना आपापल्या नकाशाप्रमाणे अनुभव येतात. चिनी साधकाला पुढून खाली उतरणारा प्रवाह जाणवतो, आपल्या योग्याला सहसा नाही. प्रवाह शरीरातल्या एखाद्या ठरलेल्या नळीतून जात असता, तर नकाशे कधीतरी जुळले असते. म्हणून मला वाटतं, आधी नकाशा मिळतो, मग लक्ष त्या रस्त्याने चालतं आणि संवेदना लक्षाच्या मागोमाग येते. यात साधनेचा कमीपणा नाही. पण 'मला जाणवलं म्हणजे छी आहे' हे वाक्य मात्र उभं राहत नाही. कारण त्याच झिणझिणीवर दुसरा माणूस 'कुंडलिनी' लिहितो आणि तिसरा 'अनित्य'.

पुठ्ठा आणि टॉवेल

मग तपासायचं कसं? लाखोंची यंत्रं लागत नाहीत. 1998 साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. तो एमिली रोझा नावाच्या मुलीने वयाच्या नवव्या वर्षी शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी सुरू केला होता. हात न लावता रुग्णाचं 'ऊर्जाक्षेत्र' जाणवतं, असं म्हणणारे 21 उपचारक तिने बसवले. मध्ये पुठ्ठ्याचा आडपडदा ठेवला. उपचारकाने त्यातून दोन्ही हात बाहेर काढायचे, मुलीने नाणं उडवून त्यातल्या एका हातावर आपला हात धरायचा, आणि उपचारकाने सांगायचं, कुठल्या हातावर. 280 वेळा विचारलं, 123 वेळा बरोबर आलं. म्हणजे 44 टक्के. डोळे मिटून अंदाज ठोकला असता तरी निम्मे बरोबर आले असते.

आम्ही तेच घरी केलं. पंख्याच्या खोक्याचा पुठ्ठा, वरून टॉवेल. हात फार जवळ नेला तर नुसती ऊब कळते, म्हणून मी वीतभर अंतर ठेवलं. मामांनी 20 पैकी 11 बरोबर सांगितले. मामाच म्हणाले, "हे तर छापा-काटा झालं." मग जरा थांबून म्हणाले, "पण मला जाणवत होतं गं." जाणवत होतंच. चुकलेल्या नऊ वेळाही तितकंच जाणवत होतं. मला मुद्दा कळला तो त्या वाक्याने.

चीनमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं

छीगोंग हजारो वर्षं जुनं आहे असं पुस्तिका सांगते. श्वासाचे आणि हालचालींचे व्यायाम जुने आहेतच. पण 'छीगोंग' या एका नावाखाली ते बांधून दवाखान्यात आणले गेले 1950 च्या दशकात, नव्या सरकारच्या आरोग्यधोरणाचा भाग म्हणून. सांस्कृतिक क्रांतीत त्यावर गदा आली. 1979 नंतर मात्र ते असं उसळलं की शास्त्रज्ञही वाहून गेले. गुरूच्या हातातून निघणारी 'बाह्य छी' यंत्राने मोजली, असे दावे झाले. चीनच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे जनक छ्येन श्वेसेन यांनी या संशोधनाला जाहीर पाठिंबा दिला. एवढा मोठा माणूस मागे उभा राहिल्यावर प्रश्न विचारणार कोण?

1988 मध्ये अमेरिकेतल्या चिकित्सकांचं एक पथक तिथे गेलं. एका गुरूंच्या छीमुळे पेशंटचं अंग हलतं, असा दावा होता. पथकाने गुरूंना एका खोलीत ठेवलं, पेशंटला दुसऱ्या खोलीत, आणि छी कधी सोडायची ते नाणं उडवून ठरवलं. पेशंट हलत होता, पण गुरू छी सोडत होते त्या वेळांशी हलण्याचा ताळमेळ लागला नाही. पुन्हा तोच पुठ्ठा आणि टॉवेल.

दुसरी बाजूही तिथूनच पुढे आली. अतिसाधनेने किंवा चुकीच्या साधनेने माणूस भरकटतो, याला चिनी परंपरेत जुना शब्द आहे. 1994 च्या अमेरिकन मानसोपचार नियमावलीतही छीगोंगनंतर येणाऱ्या मनोविकाराच्या झटक्याची नोंद आहे. पुस्तिकेत अशा अनुभवाला जागा नाही.

लोणावळ्याचा धडा

हे वाचून कुणी म्हणेल, म्हणजे पाश्चात्त्यांनी येऊन तपासायचं आणि आपण ऐकायचं. तसं नाही. आपल्याकडे हे काम शंभर वर्षांपूर्वी एका साधकानेच केलंय.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. स्वतः योगी, गुरू परमहंस माधवदास. श्रद्धेत काही कमी नव्हतं. पण नौली करताना पाणी आतड्यात आपोआप वर चढतं, ते का, असा प्रश्न त्यांना पडला. जुनं उत्तर होतं वायू. त्यांनी नळी आणि दाबमापक लावून मोजलं, तर आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झालेला आढळला. त्या पोकळीला त्यांनी गुरूंचं नाव दिलं, माधवदास व्हॅक्यूम. मला हे फार आवडतं. गुरूंचा मान राखला आणि उत्तर दाबमापकाकडून घेतलं. प्राणायामाचं महत्त्व जादा ऑक्सिजनमध्ये आहे, ही लोकप्रिय समजूतही त्यांनी मान्य केली नाही. आमच्या पुस्तिकेतलं वाक्य लोणावळ्यात कधीच मागे पडलं होतं.

नंतर वेंगर, बागची आणि आनंद यांनी हृदय थांबवण्याचा दावा करणारे योगी तपासले. 1961 मध्ये त्यांचा निबंध 'सर्क्युलेशन'मध्ये आला. छातीतला दाब वाढल्यामुळे नाडी लागेनाशी होत होती, स्टेथोस्कोपने ठोके ऐकू येत नव्हते, पण ईसीजीवर हृदय चालूच होतं. योग्याला 'थांबलं' असंच वाटलं असणार. अनुभव खरा होता, अर्थ चुकला होता.

मग उपयोग शून्य?

नाही. इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशीही भांडायचंय. 'सगळे मनाचे खेळ' म्हणून हात झटकणं हे आळशीपणाचं परीक्षण आहे. दुखणं, काळजी, झोप या गोष्टी कळतातच अनुभवाने. तिथे दुसरं मशीन नाही. 'दुखायचं कमी झालं' असं माणूस म्हणतो, तेव्हा तेच मोजमाप असतं. 2014 च्या एका मोठ्या आढाव्यात ध्यानावरच्या 47 चाचण्या आणि 3515 माणसं एकत्र तपासली. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम दर्जाच्या पुराव्यानिशी थोडा फायदा दिसला. व्यायाम किंवा औषधांसारख्या उपायांपेक्षा ध्यान सरस आहे, याचा मात्र पुरावा मिळाला नाही. छीगोंगचं भावंड म्हणजे ताई-ची. 2012 मध्ये कंपवाताच्या 195 रुग्णांवर त्याची चाचणी झाली. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ताई-ची करणाऱ्यांचा तोल सुधारला आणि पडणं कमी झालं. तिथे 'छी' मोजली नाही, पडणं मोजलं.

म्हणजे अनुभव नावाच्या सेन्सरलाही एक पल्ला आहे. त्या पल्ल्यात तो चांगला चालतो. रक्तदाब त्या पल्ल्यात येत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की उच्च रक्तदाब असलेल्या जवळपास निम्म्या प्रौढांना तो आहे हेच माहीत नसतं, कारण आत काही वाटतच नाही. ध्यानाने तो थोडा उतरू शकतो, पण औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नाही. आणि काही गोळ्या अचानक सोडल्या तर तो उलट उसळतो.

काकणाचं उत्तर

परत निघायच्या आदल्या दिवशी मामांना विचारलं, "मामा, हळद शिजली हे तुम्हाला कसं कळतं?"

"काडी टोचायची. वास येतो, फेस येतो. त्याला काय मशीन लागतंय?"

"आणि पहिल्या वर्षी कळायचं?"

"पहिल्या वर्षी कच्ची राहिली होती. वाळल्यावर कळलं. बाजारात भाव पडला."

मामांच्या नाकाला आणि काडीला दरवर्षी उत्तर मिळत गेलं. कच्ची राहिली, जास्त शिजली, बरोबर झाली. तीस वर्षांत तो सेन्सर कॅलिब्रेट झाला. बीपीचं तसं झालेलं नाही. 178 ला कसं वाटतं आणि 128 ला कसं, याचा ताळा त्यांनी कधी घातलाच नव्हता. म्हणून मी त्यांना एक वही दिली. सकाळी साधना झाली की आधी अंदाजाने आकडा लिहायचा, मग मशीनचा.

ते डॉक्टरांकडे गेले, गोळी पुन्हा सुरू झाली. पहाटेचं बसणं चालू आहे आणि मी ते सोडा असं म्हटलेलंही नाही. तीन आठवड्यांनी वहीचा फोटो आला. अंदाजाच्या रकान्यात जवळपास रोज '130' आहे. शेजारच्या रकान्यात सुरुवातीला 170, 164, 168 आणि मग हळूहळू उतरत गेलेले आकडे. खाली मामांनी लिहिलंय, "मला रोज एकसारखंच वाटायलंय."

तुमच्याही घरात अशी पुस्तिका आली असेल तर फेकून देऊ नका, पेन्सिल घेऊन वाचा. ज्यांना काही झालं नाही ते कुठे आहेत? जे बरं झालं ते नुसतं वाटून कळण्यासारखं आहे का? आणि कुणी गोळी सोडली असेल तर त्याआधी आणि नंतर काय मोजलं? साधना करणाऱ्या माणसाशी भांडू नका. त्याच्यासोबत चार दिवस बसा, मग वही द्या.